यॅगची चकती दुधी का राहते? साका पाडण्यापासून पॉलिशपर्यंत, क्रमाने

‘चकती याही वेळी दुधीच निघाली. भट्टीचं तापमान आणखी ५० अंशांनी वाढवू का?’ पारदर्शक सिरॅमिकवर प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींकडून मला सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हा. माझं उत्तरही ठरलेलं आहे: भट्टीला हात लावू नका, आधी पावडर दाखवा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? भट्टी छिद्रं बुजवते. पावडरीत राहिलेली कडक गुठळी, चुकलेलं प्रमाण, दळताना मिसळलेला कचरा यांतलं काहीही ती दुरुस्त करत नाही.

इथे एकच कृती देते. यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, म्हणजे यॅग: यट्रियम आणि ॲल्युमिनियमचं मिश्र ऑक्साइड. नायट्रेटच्या द्रावणातून अमोनियम बायकार्बोनेटने दोन्ही धातूंचा साका (द्रावणातून खाली बसणारा, न विरघळणारा गाळ) एकत्र पाडून केलेलं. आकडे २० ग्रॅम पावडरीच्या एका घाण्यासाठी आहेत. यॅगची स्फटिकरचना घनीय असल्यामुळे सर्व दिशांना अपवर्तनांक सारखाच असतो, आणि दोन कणांच्या सीमेवर प्रकाश वाट बदलत नाही. मग प्रकाश विखुरणारे दोनच गुन्हेगार उरतात: छिद्रं आणि परकी प्रावस्था, म्हणजे यॅगपेक्षा वेगळ्या रचनेचे कण.

छिद्रं किती चालतात? दहा हजारांत एक भागसुद्धा जास्तच. ‘घनता ९९.९ टक्के आली, तरी दुधी कशी?’ असं विचारणाऱ्यांनी हा हिशेब करावा: राहिलेली ०.१ टक्का जागा एक मायक्रॉन व्यासाच्या छिद्रांची असेल, तर एका घन सेंटिमीटरमध्ये अशी जवळपास १९० कोटी छिद्रं बसतात. आर्किमिडीज पद्धतीने (पाण्यात तोलून) घनता मोजून हा फरक कळतही नाही. तिची चूकच त्याहून मोठी असते.

तयारी: साका पाडण्याच्या आठवडाभर आधी

आधी दोन यंत्रांची वेळ पक्की करा: कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेस (सर्व बाजूंनी सारखा दाब देणारं यंत्र) आणि टंगस्टन तापकाची निर्वात भट्टी. पावडर तयार करून दोन महिने दमट हवेत ठेवली की ती ओल धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडे पावसाळ्यात तर हे हमखास होतं.

रसायनं: यट्रियम ऑक्साइड ९९.९९ टक्के शुद्धतेचं, ॲल्युमिनियम नायट्रेट (नऊ पाण्याचं), अमोनियम बायकार्बोनेट, थोडं अमोनियम सल्फेट, नायट्रिक आम्ल, अमोनिया, निर्जल इथेनॉल आणि टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, म्हणजे आपल्या बोलण्यातलं टीईओएस. अमोनियम बायकार्बोनेट म्हणजे बेकरीत नानकटाई फुलवायला घालतात तो ‘अमोनिया’च, म्हणून स्वस्तात बेकरीच्या दुकानातून आणायचा मोह होतो. आणू नका. त्यातलं लोह आणि कॅल्शियम शेवटी चकतीत उतरतं.

साका पाडायला काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घ्या. अमोनियाच्या द्रावणात काचेतली सिलिका हळूहळू उतरते, आणि सिलिका आपण पुढे, छिद्रं बुजायला मदत म्हणून, मोजून घालणार आहोत. भांडी आदल्या रात्री पातळ नायट्रिक आम्लात बुडवून ठेवा, सकाळी डी-आयनाइज्ड पाण्याने धुवा. त्याच भांड्यात आधी कुणी निओडिमियम किंवा एर्बियम घातलेली पावडर केली असेल, तर ते भांडं सरळ बाजूला ठेवा.

टप्पा १: क्षारांत धातू किती आहे ते स्वतः मोजा

यॅगमध्ये यट्रियम आणि ॲल्युमिनियम ३ : ५ या प्रमाणात लागतात. २० ग्रॅम यॅगसाठी ११.४१ ग्रॅम यट्रियम ऑक्साइड आणि, बाटलीवरचं सूत्र खरं मानलं तर, ६३.१९ ग्रॅम ॲल्युमिनियम नायट्रेट. बाटलीवरचं सूत्र खरं मानू नका. ॲल्युमिनियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. उघडलेल्या बाटलीत नवाच्या जागी किती पाणी आहे हे बाटलीलाही सांगता येणार नाही.

म्हणून असं करा. ॲल्युमिनियम नायट्रेटचं साधारण अर्धा मोल प्रति लिटर ताकदीचं द्रावण बनवा. वजन करून ठेवलेल्या तीन मुशींत प्रत्येकी २५ ग्रॅम द्रावण घ्या. आकारमानाने नव्हे, वजनाने. खोलीचं तापमान बदललं की मिलिलिटर बदलतात, ग्रॅम बदलत नाहीत. अगदी मंद आचेवर आटवा, मग १२०० अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन दोन तास ठेवा. उरलेल्या ॲल्युमिनाच्या वजनावरून एका ग्रॅम द्रावणात किती मोल ॲल्युमिनियम आहे ते काढा. प्रत्येक मुशीत सुमारे ०.६ ग्रॅम ॲल्युमिना उरेल.

तपासणी: तिन्ही मुशींचे आकडे एकमेकांपासून एका मिलिग्रॅमपेक्षा जास्त लांब असतील तर पुन्हा करा. बहुधा आटवताना थेंब उडालेले असतात.

यट्रियम ऑक्साइडही वजन करण्याआधी १००० अंशांवर चार तास तापवा, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच तोला. ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरून बसतं. मग सुमारे २० मिलिलिटर संहत नायट्रिक आम्लात तितकंच पाणी मिसळून, ८० अंशांवर ढवळत विरघळवा. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ राहिलं तर थोडं आम्ल वाढवा.

हा सगळा खटाटोप कशासाठी? ॲल्युमिनियम एका टक्क्याने जास्त झालं तर २० ग्रॅम पावडरीत सुमारे ०.०९ ग्रॅम मोकळं ॲल्युमिना उरतं. त्याचा अपवर्तनांक १.७६, यॅगचा १.८३. असे कण चकतीभर पसरले की धुकं कायमचं. उलट यट्रियम जास्त झालं तर पेरोव्स्काइट प्रावस्था (यट्रियम आणि ॲल्युमिनियम समान असलेलं वेगळं ऑक्साइड) तयार होते आणि तीही तेच करते. कुठलंही तापमान हे धुकं घालवत नाही.

सावधान: नायट्रेट आटवताना तांबूस-तपकिरी वाफा निघतात. फ्यूम हूडशिवाय हे काम करू नका.

टप्पा २: साका पाडणे

यट्रियमचं द्रावण आणि वजनाने मोजलेलं ॲल्युमिनियमचं द्रावण एकत्र करा, त्यात ३.५ ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवा आणि एकूण एक लिटर करा. सल्फेटचे आयन साक्याच्या कणांना चिकटून बसतात आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. दुसऱ्या, तीन लिटरच्या भांड्यात ११९ ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट एक लिटर पाण्यात विरघळवा. याचा सामू आपोआपच ८ च्या आसपास येतो.

आता क्रम. धातूंचं द्रावण बायकार्बोनेटमध्ये थेंब थेंब सोडायचं; बायकार्बोनेट धातूंच्या द्रावणात ओतायचं नाही. सगळ्यांत जास्त लोक इथेच चुकतात, कारण हाताला उलटं करणं सोपं वाटतं. ॲल्युमिनियमचा साका सामू ४ च्या सुमारास पडू लागतो, यट्रियमचा बराच वर, ७ च्या जवळ. आम्लधर्मी द्रावणात हळूहळू अल्कली घातली तर आधी एकटं ॲल्युमिनियम खाली बसतं आणि मग त्यावर यट्रियम. दोघांची भेट कणाच्या आत होतच नाही. उलट क्रमात प्रत्येक थेंब सामू ८ च्या द्रावणात पडतो आणि दोन्ही धातू एकाच क्षणी घट्ट होतात.

वेग मिनिटाला ३ ते ५ मिलिलिटर. म्हणजे चार तासांच्या आसपास. हाताने ब्युरेटची तोटी सांभाळत बसलात तर तिसऱ्या तासाला वेग नक्की वाढतो, आणि तोही कुणाच्या लक्षात न येता. पेरिस्टाल्टिक पंप लावा. पिठलं करताना पीठ एकदम लोटलं की गुठळ्या होतात, चिमटीने सोडत ढवळलं की होत नाहीत. इथेही तोच न्याय आहे, फरक इतकाच की इथल्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत.

द्रावणाचं तापमान २० ते २५ अंश ठेवा. पस्तिशीच्या पुढे बायकार्बोनेट स्वतःच अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडत विरत जातं. मे महिन्यात विनाएसी खोलीत सकाळचा आणि दुपारचा साका दोन वेगळी रसायनं असू शकतात. भांडं पाण्याच्या परातीत ठेवून परातीत बर्फ टाकलात तरी भागतं. थेंब पडताना फेस येईल, तो कार्बन डायऑक्साइडचा. म्हणून तर एवढं मोठं भांडं घेतलं. सामू घसरत जाईल. पातळ अमोनियाने तो ७.८ ते ८.२ मध्ये ठेवा. नऊच्या वर नेऊ नका, ॲल्युमिनियम परत विरघळू लागतं.

सगळं द्रावण संपलं की आणखी एक तास ढवळा आणि झाकून रात्रभर मुरू द्या.

तपासणी: सकाळी वरचं नितळ पाणी थोडं परीक्षानळीत घ्या, फेस थांबेपर्यंत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून किंचित आम्लधर्मी करा आणि ऑक्झॅलिक आम्लाचा थेंब सोडा. पांढरट झालं तर यट्रियम पाण्यात सुटून राहिलं आहे आणि ३ : ५ चं प्रमाण मोडलं आहे. हा घाणा पुढे नेऊन पुढचे दोन आठवडे वाया घालवू नका.

टप्पा ३: धुणे. इथे घाई करू नका

साका गाळताना अमोनियम नायट्रेट धुऊन काढायचं आहे, पण साका मात्र गमवायचा नाही. नुसत्या शुद्ध पाण्याने फार वेळा धुतलं तर साक्याचे बारीक कण पुन्हा सुटे होऊन गाळणीतून निसटतात. सामू ८ केलेल्या अमोनियायुक्त पाण्याने चार वेळा धुवा. प्रत्येक वेळी साका पाण्यात पूर्ण कालवायचा, दहा मिनिटं ढवळायचा, मग गाळायचा. गाळणीवरच्या साक्यावर वरून पाणी ओतणं म्हणजे धुणं नव्हे. पाणी भेगांतून वाट काढतं आणि मधला भाग तसाच राहतो.

प्रत्येक गाळलेल्या पाण्याची विद्युतवाहकता लिहून ठेवा. लागोपाठच्या दोन धुण्यांत ती जवळपास सारखी आली की थांबा.

मग इथेनॉल, दोन ते तीन वेळा, त्याच पद्धतीने. ही पायरी खर्चिक वाटते म्हणून गाळली जाते, आणि मग मला ‘पावडर दगडासारखी झाली’ असा फोन येतो. साक्याच्या कणांमध्ये पाणी राहिलं की वाळताना ते कणांना एकमेकांकडे खेचतं आणि त्यांच्या पृष्ठावरचे हायड्रॉक्सिल गट पूल बांधतात. तापवल्यावर ते पूल पक्के होतात. इथेनॉलचा ताण पाण्याहून खूप कमी आणि त्याचे गट असे पूल बांधत नाहीत. चांगला धुतलेला साका वाळल्यावर अंगठ्याने दाबला की पिठी होते. वाईट धुतलेला नखाने खरवडावा लागतो.

सावधान: आधी पाण्याने नायट्रेट नीट निघालं पाहिजे, मगच इथेनॉल. नायट्रेट आणि इथेनॉल एकत्र गरम करणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉलने ओला साका साध्या बंद ओव्हनमध्ये कधीही घालू नका. आधी फ्यूम हूडमध्ये वास जाईपर्यंत सुकू द्या.

टप्पा ४: वाळवणे आणि निस्तापन (भट्टीत भाजणे)

८० अंशांवर २४ तास वाळवा, नायलॉनच्या चाळणीतून चाळा. पितळी चाळणी वापरायची नाही. हे मी स्वतः ठेच लागून शिकले: एका पूर्ण घाण्यातल्या सगळ्या चकत्यांत सुईच्या टोकाएवढे गडद ठिपके आले, आणि मी महिनाभर भट्टी साफ करत बसले होते.

वाळलेली पावडर उच्च शुद्धतेच्या ॲल्युमिना मुशीत सैल भरा, अर्ध्यापेक्षा जास्त नाही, झाकण किंचित उघडं. मिनिटाला ५ अंशांनी ६०० पर्यंत न्या, तासभर थांबा, मग ११५० अंशांवर तीन तास. अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि शेवटी गंधकाचे वायू निघतात. भट्टीचा धूर बाहेर जाईल अशी सोय हवी.

तपासणी: निस्तापनात निम्म्याहून जास्त वजन उडतं. साधारण ४३ ग्रॅम वाळलेल्या साक्यातून २० ग्रॅम यॅग मिळायला हवं. १९ पेक्षा बरंच कमी आलं तर साका धुताना गेला, आणि दोन्ही धातू सारख्या प्रमाणात गेले असतील याची खात्री देता येत नाही.

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी चाचणी, करून घ्या. तांब्याच्या किरणांनी यॅगची सगळ्यांत उंच रेषा ३३.३ अंशांजवळ येते. ३४.३ जवळ उंचवटा दिसला तर पेरोव्स्काइट, ३५.२ आणि ४३.४ जवळ दिसला तर अल्फा ॲल्युमिना. पण ‘शुद्ध यॅग’ असा अहवाल आला म्हणून पेढे वाटू नका: एक-दोन टक्क्यांखालची परकी प्रावस्था या यंत्राला सहसा दिसत नाही, आणि आपल्याला तर त्याहून कितीतरी कमी चालते. टप्पा १ मधलं तोलणं म्हणूनच महत्त्वाचं.

मग बीईटी, म्हणजे एका ग्रॅम पावडरीचं पृष्ठफळ मोजणारी चाचणी. पृष्ठफळ एस असेल तर कणाचा सरासरी व्यास नॅनोमीटरमध्ये ६००० भागिले (४.५५ गुणिले एस). १५ चौरस मीटर प्रति ग्रॅम आलं तर सुमारे ८८ नॅनोमीटर. हा आकडा एक्सआरडीच्या रेषेच्या जाडीवरून काढलेल्या स्फटिकाच्या आकाराशी ताडा. दोन्ही जवळजवळ असतील तर कण सुटे आहेत. बीईटीचा व्यास तिप्पट-चौपट असेल तर कण एकमेकांना जोडले गेले आहेत. तापमान जास्त झालं किंवा धुणं कमी पडलं.

११५० हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. तुमच्या मुशीत, तुमच्या भट्टीत, तुमच्या साक्याला योग्य तापमान वेगळं असू शकतं. पहिल्या घाण्याचे तीन भाग करा, १०५०, ११५० आणि १२५० वर तापवा, तिघांच्या चकत्या एकाच वेळी भट्टीत घाला. कमी तापवलेली पावडर इतकी हलकी आणि फुगीर राहते की दाबली जात नाही, शिवाय तिच्यात सल्फेट उरतं. जास्त तापवलेलीत कडक गुठळ्या होतात. मधली वाट या तीन चकत्याच दाखवतील.

टप्पा ५: दळणे आणि सिलिका

२० ग्रॅम पावडर, ९९.९ टक्के शुद्धतेचे ॲल्युमिना गोळे, नायलॉनची बरणी, निर्जल इथेनॉल आणि ०.१ ग्रॅम टीईओएस. हे टीईओएस म्हणजे पावडरीच्या अर्धा टक्का. मायक्रोपिपेटने सुमारे १०७ मायक्रोलिटर. त्यातून ०.१४ टक्के सिलिका मिळते, आणि तेवढी पुरते. ‘थोडं जास्त घालू, छिद्रं लवकर बुजतील’ हा विचार बरोबर वाटतो, पण जादा सिलिका कणसीमांवर काचेसारखी साचते. टीईओएस दमट हवेत घट्ट होतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरं कवच दिसलं तर नवी बाटली आणा.

दळायचं किती? दहा-बारा तास. ऑक्साइड पावडरी मिसळून यॅग करणारे यापेक्षा बराच जास्त वेळ दळतात, कारण त्यांना घटक मिसळायचे असतात. आपल्याकडे मिसळणं साक्यातच झालं आहे. आपल्याला फक्त मऊ गुठळ्या फोडायच्या आहेत.

तपासणी: गोळे दळण्याआधी आणि नंतर वाळवून तोला. फक्त ०.१ ग्रॅम झीज झाली तरी ॲल्युमिनियम १.२ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे टप्पा १ मध्ये मिलिग्रॅम मोजून कमावलेलं सगळं गेलं. झीज नेहमीच तेवढी होत असेल तर सुरुवातीला ॲल्युमिनियम तेवढं कमी घ्या किंवा वेळ घटवा.

रोटरी इव्हॅपोरेटरवर वाळवा. तो नसेल तर हूडमध्ये सतत ढवळत. नुसतं ठेवून दिलं तर थर बसतात. २०० मेशच्या नायलॉन चाळणीतून दोनदा चाळा.

टप्पा ६: दाबणे

२० मिलिमीटरच्या साच्यात ३ ग्रॅम पावडर, दाब फक्त २० ते ३० मेगापास्कल, म्हणजे हातात धरता येईल इतकाच आकार. इथे जोर लावला तर अडकलेली हवा दाब सोडताना चकतीचे पापुद्रे पाडते, आणि हे पापुद्रे नंतरच्या कुठल्याही दाबाने जुळत नाहीत. खरा दाब आयसोस्टॅटिक प्रेसमध्ये: चकती रबरी पिशवीत हवा काढून बंद करा, २०० ते २५० मेगापास्कल, दोन मिनिटं, आणि दाब सावकाश उतरवा.

घनता ५० टक्क्यांच्या आसपास आली की ठीक. चकती प्रकाशासमोर धरा; गडद-फिकट ढग दिसले तर पावडर साच्यात सारखी पसरली नव्हती. नंतर हवेत ८०० अंशांवर चार तास तापवा. हाताचा घाम, इथेनॉलचे अवशेष, रबराचा अंश, सगळं इथेच जळून जाऊ द्या. निर्वात भट्टीत त्याला जळायला ऑक्सिजन नसतो, मग त्याचा कोळसा होतो.

टप्पा ७: निर्वात भट्टी

निर्वातच का? चकतीची घनता ९२-९५ टक्क्यांच्या पुढे गेली की छिद्रांची बाहेरची वाट बंद होते. आत हवेतला नायट्रोजन अडकला तर तो यॅगमधून बाहेर पाझरत नाही. छिद्र आकसतं, वायूचा दाब वाढतो आणि आकसणं थांबतं. निर्वातात छिद्र रिकामं असतं, त्याला अडवणारं काही नसतं.

तापक टंगस्टनचा हवा. ग्रॅफाइटच्या भट्टीत कार्बन चकतीत शिरतो. चकती यॅगच्याच जाडसर पावडरीच्या पातळ थरावर ठेवा.

१००० अंशांपर्यंत मिनिटाला १०, तिथे तासभर थांबा आणि दाब १०⁻³ पास्कलवर परत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. १५०० पर्यंत ५. त्यापुढे मिनिटाला २ अंश, त्याहून जास्त नाही, कारण छिद्रांच्या वाटा बंद होतात त्या याच पट्ट्यात. १७३० ते १७५० अंशांवर दहा तास. उतरतानाही मिनिटाला १० च्या आत.

आता तो पहिला प्रश्न. तापमान वाढवलं तर? यॅग सुमारे १९५० अंशांच्या वर वितळतं, म्हणजे अंतर आहे असं वाटतं. पण १८०० च्या दिशेने गेलं की काही कण भराभर वाढतात आणि त्यांच्या सीमा छिद्रांना ओलांडून पुढे निघून जातात. कणसीमेवरचं छिद्र बुजतं, कारण सीमा ही अणूंची हमरस्त्यासारखी वाट आहे. कणाच्या पोटात अडकलेलं छिद्र तिथेच राहतं, दहा तास ठेवा नाहीतर पन्नास. चकती दुधी असेल तर तापमान वाढवण्यापेक्षा १५०० नंतरचा वेग कमी करून बघा.

निर्वात भट्टी मिळतच नसेल तर ही कृती हवेत करून अर्धपारदर्शक चकती मिळेल, त्यापुढे नाही. तसं आधीच मान्य करून घ्या म्हणजे मनस्ताप वाचेल.

टप्पा ८: हवेत पुन्हा तापवणे

भट्टीतून निघालेली चकती करडी किंवा तपकिरी झाक असलेली दिसते. घाबरू नका, निर्वातात तिच्यातला थोडा ऑक्सिजन गेला आहे. हवेत १४५० अंशांवर १० ते २० तास ठेवलं की रंग जातो. रंग गेला पण मध्यभागी काळपटपणा राहिला, तर तो कार्बन आहे आणि चूक टप्पा ६ मधली आहे.

टप्पा ९: घासणे आणि खरी पारदर्शकता मोजणे

दोन्ही बाजूंनी किमान पाव मिलिमीटर काढा, वरचा थर आतल्यासारखा नसतो. हिऱ्याची पावडर ४० मायक्रॉनपासून १५, ६, ३ आणि १ पर्यंत. प्रत्येक बदलाआधी चकती आणि हात दोन्ही धुवा. मागचा एक जाड कण पुढच्या सगळ्या पॉलिशवर चरे ओढतो.

चकती छापील कागदावर टेकवून काढलेला फोटो मला पाठवू नका. कागदाला टेकलेली अर्धपारदर्शक चकतीही अक्षरं दाखवते. कागदापासून पाच-दहा सेंटिमीटर वर धरा. अक्षरं तशीच राहिली तर ती पारदर्शक.

स्पेक्ट्रोमीटरवर १०० टक्क्यांची वाट बघू नका. दोन्ही पृष्ठांवरच्या परावर्तनामुळे यॅगमधून जास्तीत जास्त ८४ टक्के प्रकाश सरळ जातो. ४०० नॅनोमीटरला ८३. तुमची चकती १०६४ नॅनोमीटरला ८३ आणि ४०० ला ७० देत असेल, तर छिद्रं आहेत पण बारीक आहेत. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर छिद्रं किंवा परके कण मोठे आहेत, नाहीतर पॉलिश कच्चं आहे. अहवालात चकतीची जाडी लिहा. जाडीशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

चकती बघून चूक कुठे झाली ते ओळखणे

कडा स्वच्छ आणि मध्य दुधी असेल तर वायू आत अडकला: १५०० नंतरचा वेग जास्त किंवा दाबण्यात असमानता. सगळीकडे एकसारखं धुकं असेल तर बहुधा प्रमाण चुकलं. आधी गोळ्यांची झीज बघा, मग टप्पा १ ची वही. सुटे पांढरे ठिपके म्हणजे कडक गुठळ्या, आणि त्यांचा उगम जवळजवळ नेहमी इथेनॉलच्या धुण्यात सापडतो. कडेला समांतर चंदेरी रेघा म्हणजे साच्यातले पापुद्रे. हवेत तापवल्यानंतर चकती आधीपेक्षा धूसर झाली तर छिद्रांत दडलेला वायू फुगला. टप्पा ८ मधलं तापमान ५० अंशांनी उतरवा.

आणि दर घाण्यातली दोन ग्रॅम निस्तापित पावडर लहान बाटलीत, तारीख आणि धुण्यांची संख्या लिहून, डेसिकेटरमध्ये बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी दुधी चकती घेऊन कुणी आलं की मी आधी ती बाटली मागते.